रणपिसे बाई आणि उपाशी समिती

माफ करून टाकावं, असं माझी नात म्हणते. ती हडपसरला आयटीत आहे आणि तिच्या कंपनीत माफ कसं करावं याचंसुद्धा ट्रेनिंग असतं, मधल्या सुट्टीत कॉफी-बिस्किटांसकट. "आजी, राग धरून ठेवणं इज सो टॉक्सिक. त्रास आपल्यालाच होतो गं." मी मान डोलावते. मनात म्हणते, बाळे, तू रणपिसे बाईंना पाहिलेलं नाहीस. बाईंनी एक राग उभ्या नोकरीभर सांभाळला आणि त्यांना कधी आम्लपित्ताची साधी गोळी लागली नाही. राग गिळणाऱ्यांना त्रास होतो. बाई गिळत नव्हत्या, मुरवत होत्या.

त्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी प्राचार्यांच्या ऑफिसात स्टेनो होते. ठेंगणीठुसकी मूर्ती, परीटघडीची सुती साडी, रंग असा की कॉरिडॉरच्या त्या टोकाला ओळखू यावा. हसणं तर साडीच्याही आधी पोचायचं. माणसांना झाडांची नावं द्यायची त्यांना खोड होती. हेडक्लार्क म्हणजे निवडुंग. ग्रंथपाल म्हणजे शेवाळं, कारण 'ओल दिसली की तिथं वाढतो'. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात लाजाळू ठरवून टाकलं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेव्हाची मी म्हणजे तिकीट लावून दाखवावं असं प्रकरण होतं. माझं आडनाव काळे. पुण्यात हे आडनाव फार सोयीचं. ऐकणारा आपल्या मनाप्रमाणे त्याला जात लावून घेतो, आपल्याला तोंड उघडावं लागत नाही. मी लागले भटक्या जमातीच्या राखीव जागेवर, पण पेठेतल्या त्या कॉलेजात मी दर संकष्टीला साबुदाण्याची खिचडी न्यायची, बोलताना 'अय्या' आणि 'इश्श' पेरायची आणि कुणी विचारलेलं नसताना सांगायची, "मी स्टेनोच्या परीक्षेत पहिली आले होते हं!" घरी आई वैतागायची, "ह्या दाताला चिकटणाऱ्या गोळ्या कुणासाठी शिजवतीस गं?" बाईंनी एकदा माझ्या डब्यातला घास घेतला, शांतपणे चावला आणि म्हणाल्या, "काळे, तुमच्या घरची सुकटाची चटणी झकास असणार. ही खिचडी मात्र पाहुणी आलेली दिसते." मी लालबुंद. त्यानंतर आम्ही रोज लेडीज रूममध्ये बरोबर जेवायला लागलो.

आता दाणेकर सर. उंच, गोरे, खादीचा झब्बा, आवाज मधाळ. आधी वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख, मग प्राचार्य, मग निवृत्त झाल्यावर संस्थेचे सल्लागार. खुर्च्या बदलल्या, माणूस काही उठला नाही. "मी जात मानत नाही" हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की, न मानण्यासाठी त्यांना ती सतत आठवावी लागत असणार. बाईंनी त्यांचं नाव ठेवलं होतं अमरवेल. "मूळ नाही, पान नाही, दुसऱ्याच्या रसावर जगते. आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय सोनेरी आहे!"

बाई आमच्याकडे पहिल्यांदा मुलाखतीला आल्या तेव्हा मी वही घेऊन कोपऱ्यात बसले होते. खुल्या जागेचा उमेदवार आला की सर त्याच्याशी तावातावानं वाद घालत, अगदी घाम फोडत. राखीव जागेच्या उमेदवाराशी मात्र फार प्रेमानं वागत. नाव काय? गाव कुठलं? वडील काय करतात? "खडकीला कारखान्यात? छान. घरात पहिल्याच शिकलेल्या? छान, छान. या आपण." बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "सर, विषयाचं काही विचारलं नाहीत." सर हसले. "त्याची काही आवश्यकता नाही." मग मी शेरा टाइप केला, 'योग्य उमेदवार आढळला नाही.' तेव्हा मला माझ्या टायपिंगचं इतकं कौतुक होतं की समास दोन्हीकडून सारखा आलाय ना, एवढंच मी पाहिलं.

पुढच्या जाहिरातीला बाई पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्या जाहिरातीला पुन्हा. दर वेळी अभ्यास करकरून यायच्या आणि दर वेळी त्यांना वडिलांबद्दल विचारलं जायचं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "वडील गेल्या महिन्यात वारले." सर समोरचे कागद चाळत होते. म्हणाले, "छान."

खोलीत कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. बाईंच्या आलं.

पुढे सरकारनं डोळे वटारले. राखीव जागांचा अनुशेष भरा, नाहीतर अनुदान थांबवतो. तेव्हा मात्र ह्याच बाई एका दुपारीत योग्य झाल्या. रुजू झाल्या त्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये ओळख करून दिली, "ह्या आमच्या अनुशेषातल्या रणपिसे बाई." लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं बाई हसल्या.

मला तो प्रकार अजिबात कळला नाही. सर स्टाफरूममध्ये विनोद करायचे, "मी तर बुवा ऑपरेशन टेबलवर झोपायच्या आधी डॉक्टरला विचारणार, कुठल्या कोट्यातून आलास?" आणि बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. एकदा मी चिडून कॉरिडॉरमध्ये म्हटलं, "बाई, तुम्ही हसता कशाला त्याला?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "साठवण आहे ती, काळे. लोणचं घातलं की लगेच बरणी उघडायची नसते."

एक बरणी मात्र त्यांनी लवकर उघडली. सरांच्या चिरंजीवांचा दवाखाना होता. बारावीला गुण बेताचे म्हणून वडिलांनी त्यांना मॅनेजमेंट कोट्यातून डॉक्टर केलेलं. हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बाई एका संध्याकाळी खोकत खोकत तिथं गेल्या, मला सोबतीला घेऊन. बाहेरची खोली पेशंटांनी भरलेली. डॉक्टर दारात आले तशा बाई हात जोडून उठल्या आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, रागावू नका हं. तुमचे वडील आमचे सर. त्यांनीच शिकवलंय, तपासून घ्यायच्या आधी विचारून घ्यावं म्हणून. आपण कुठल्या कोट्यातून?"

एक आजोबा कानाला हात लावून शेजारणीला विचारत होते, "काय म्हणाली? काय म्हणाली?" डॉक्टरांनी बाईंना औषधाची चिठ्ठी दिली नि पैसे घेतले नाहीत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खोकल्याचं काय?"

"खोकला कुणाला झालाय?"

सरांनी दुसऱ्या दिवशी जाब विचारला, तर बाईंचा चेहरा असा भाबडा की विचारू नका. "सर, मला वाटलं तसं विचारायचंच असतं! चुकलं का माझं?" सर बाहेर येऊन म्हणाले, "साधी बाई आहे हो. काही कळत नाही बिचारीला."

ही साधेपणाची कीर्ती बाईंनी रोपासारखी वाढवली. मुलाखतीच्या समितीत एक मागासवर्गीय प्रतिनिधी असावाच लागतो. त्याच्या सहीशिवाय निवड टिकत नाही. संस्थेची आणखीही कॉलेजं होती, मुलाखती सारख्या चालू असत. बाईंना बोलावणं यायचं. त्या जायच्या, काजू खायच्या, चहाची तारीफ करायच्या, सगळ्यांना माना डोलवायच्या आणि सही करून यायच्या. पण हे फक्त खुल्या जागांच्या मुलाखतींना. जागा राखीव असली की बाई नेमक्या आजारी. कधी चक्कर, कधी कंबर, कधी डोळा आलेला. मग संस्था दुसरा कुणी प्रतिनिधी बोलवायची, तो निमूट सही करायचा, आणि मी टाइप करायची, 'योग्य उमेदवार आढळला नाही.' कितीतरी दिवस मी काळजीनं त्यांना सुंठ-गूळ नेऊन देत होते. बाई तो चहात घालून प्यायच्या.

आणि मग आमच्याच कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची राखीव जागा निघाली. ती वर्षानुवर्षं रिकामी होती. त्या जागेचं काम करत होती प्रणिता इंगोले, वाशिमची मुलगी. तासावर पैसे, सुट्टी लागली की तेही बंद. हडपसरला एका खोलीत चौघी राहायच्या. तीन बस बदलून सकाळच्या पहिल्या तासाला हजर. तिच्या वर्गात मागच्या बाकावरची पोरंसुद्धा झोपत नसत. या वेळी जागा भरली नाही तर ती कायमची रद्द होणार होती. म्हणजे इंगोलेचं पुण्यातलं सगळंच संपलं. समिती ठरवायला बसले तेव्हा दाणेकर सरांनीच नाव सुचवलं, "प्रतिनिधी म्हणून आपल्या रणपिसे बाई आहेत की. साध्या आहेत."

मी ते टाइप केलं आणि बाईंना सांगायला धावले. वाटलं, आता यांना कुठला आजार होणार? बाई म्हणाल्या, "मला काय होतंय? ठणठणीत आहे मी."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी त्यांनी मला लेडीज रूममध्ये ओढलं. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा. "खा."

"आत्ता? अहो बाई, दुपारी आचारी लावलाय. मसालेभात आहे, जिलबी आहे..."

"खा म्हणते ना. आज जेवण नाही."

मला वाटलं, बाईंनी आता कुठला नवस-बिवस धरला की काय. माझी पन्नाशी उलटली होती, पदरची दोन मुलं वाढवलेली, तरी डोकं हे एवढंच चालायचं. भाकरी मात्र दीड खाल्ली.

मुलाखती सुरू झाल्या. सर प्रत्येकाला गाव विचारत, वडील विचारत, छान म्हणत आणि "या आपण" म्हणायला तोंड उघडत. तेवढ्यात बाई खुर्ची पुढे ओढायच्या. "आता विषयाकडे वळू या." परभणीचा एक मुलगा तर गोंधळलाच, त्यानं फक्त वडिलांची तयारी केली असावी. बाईंनी त्याला फळ्याकडे पाठवलं आणि खोडाचा छेद काढायला लावला. खडू त्यानं भीत भीत उचलला, ठेवला मात्र टेचात. इंगोलेला तर त्यांनी असं पिळून काढलं की बाहेरून आलेले तज्ज्ञही मधे पडून विचारायला लागले. उत्तराच्या भरात ती शुद्ध भाषा विसरली, "नाही सर, मले ते पटत नाही!" आणि जीभ चावली. दाणेकर सरांनी तेवढंच ऐकलं आणि गालात हसले.

उमेदवार गेले. खिडकीखालीच आचाऱ्याचं पातेलं होतं. मसालेभातावर तूप पडल्याचा वास आला आणि सर म्हणाले, "ठीक होते सगळे. पण योग्य असं कुणी... तर नेहमीप्रमाणे लिहू या. काळे, घ्या."

"लिहू या की," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "फक्त का ते मला समजावा, सर. मी साधी बाई. कळल्याशिवाय सही होत नाही माझ्याच्यानं."

सर चपापले. "तशी ती इंगोले बरी आहे. पण भाषा जरा... आपल्या मुलांना..."

"आपली मुलं तिच्याच भाषेत पास होतायत, सर. पुढचं कारण?"

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, जेवता जेवता बोलू ना."

"नको हो. जेवताना कशाला जातीचं?"

शिपाई सावंत डोकावले. "पानं वाढू का, साहेब?"

"थांबा, सावंत," बाई म्हणाल्या, "इथं एका मुलीच्या भाकरीचं ठरतंय."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. एकेका उमेदवाराचं नाव घ्यायचं, तो काय बोलला ते माझ्याकडून वाचून घ्यायचं, आणि प्रत्येक मेंबराला विचारायचं, "इथं काय चुकलं?" आवाज चढला नाही, पदर ढळला नाही. दुपार कलली. खालचा वास गार होत गेला. सरांची दुपारची झोप म्हणजे संस्थेत देवपूजेसारखी, त्या वेळेला त्यांच्या घरी फोन करायची कुणाची टाप नव्हती. ते जांभई दाबायचे आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. बाई त्या पाण्याकडे कौतुकानं बघायच्या. पहिले फुटले बाहेरून आलेले तज्ज्ञ. त्यांची परतीची गाडी होती आणि पोटही मोठं होतं. "मला विचाराल तर इंगोले उत्तम आहे. माझं पहिल्यापासून हेच मत!" मग अध्यक्ष, "हो हो, माझाही कल तिकडेच होता." उरले दाणेकर सर. बाई त्यांच्याकडे बघत स्वस्थ बसल्या. सरांच्या पोटातून एक लांबलचक आवाज आला. सगळ्यांनी ऐकला.

"द्या इकडे," सर म्हणाले आणि सही केली.

"चला सर, जेवून घ्या," बाई उठल्या. "जिलबी चिवट झाली असेल. पण चावत राहिलं की जाते."

सरांच्या समोर त्या पाण्याचा पेला घेऊन बसल्या आणि ते जेवेपर्यंत हलल्या नाहीत. एक शीत त्यांनी तोंडात घातलं नाही.

मला वाटलं, आता बाई हसतील. मी त्यांना शोधत गेले तर त्या प्रयोगशाळेच्या पायरीवर बसलेल्या. "एक जागा मिळाली, काळे. मी आजारी पडत होते त्या सगळ्या गेल्या. हिंगोलीचा एक होता, फिजिक्सचा. सोलापूरची एक होती, कडेवर मूल घेऊन आलेली. माझ्या चकरेपायी गेले ते."

"पण तेव्हा भांडला असतात तर तुम्हाला पुन्हा बोलावलंच नसतं."

"ठाऊक आहे ते मला. म्हणून तर अजून राग उरलाय."

आठवड्यानं इंगोले पेढे घेऊन आली, डोळे भरलेले, वाकून पाया पडायला लागली. बाईंनी तिचा दंड धरून उभं केलं. "पेढे-बिढे वाटत हिंडू नकोस. वाटणाऱ्याला लोक उपकार झालेला माणूस समजतात. तास किती वाजता आहे? मग जा की."

पुढे आम्ही दोघी निवृत्त झालो. इंगोले कायम झाली, तिची पीएचडी झाली, आता विभागप्रमुख आहे. गेल्या थंडीत दाणेकर सर गेले. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा होती. बाईंचा फोन आला, "काळे, साडी चांगली नेसून या." त्या स्वतः केशरी नेसून आल्या होत्या.

व्यासपीठावर सरांचा हार घातलेला फोटो. एकामागून एक भाषणं झाली. मग संस्थेचे कार्यवाह उठले. गहिवरून बोलले. "सरांनी कधी जात पाहिली नाही. उदाहरण समोरच बसलंय. वाशिमकडची एक मागास घरातली मुलगी, कुणी उभं करेना. सरांनी आग्रह धरला, पदरात घेतलं, नोकरी दिली. आज त्या इंगोले मॅडम केवळ सरांच्या उपकारामुळे इथं आहेत." सगळ्या माना इंगोलेकडे वळल्या. तिचे विद्यार्थी मागे बसले होते. तिनं मान खाली घातली, आणि तिचे कान लाल होताना मला मागच्या रांगेतून दिसले.

बाई उठल्या. कुणी बोलवलं नव्हतं. तरातरा चालत गेल्या, पायऱ्या चढल्या आणि माईक आपल्या उंचीला खाली ओढला.

"कार्यवाहांच्या माहितीत जरा चूक आहे. शोकसभेत चूक राहू नये. इंगोले बाईंना सरांनी घेतलेलं नाही. सर नको म्हणत होते. दुपार टळून गेली तरी नकोच म्हणत होते. समितीत मी होते. टिपून घ्यायला काळे होत्या, त्या मागे बसल्यात. इंगोले बाई लागल्या त्या त्यांच्या विषयावर. सरांनी सही केली ती भुकेवर. तेव्हा उपकारच मानायचे असतील तर त्या दिवशीच्या आचाऱ्याचे माना. मसालेभाताचा वास फार चांगला सुटला होता."

आणि तशाच तरातरा परत आल्या. मागे विद्यार्थ्यांत कुणीतरी फस्सकन हसलं. कार्यवाहांनी घाईघाईनं जाहीर केलं, दिवंगत आत्म्यास शांती लाभावी म्हणून दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या.

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. बाई बसून राहिल्या. शेजारचे गृहस्थ वाकून कुजबुजले, "बाई, उभं राहायचंय."

"गुडघे दुखतात हो," बाई म्हणाल्या. आदल्याच रविवारी त्या पर्वती चढून आल्या होत्या.

मी अर्धवट वाकले, म्हणजे धड उभी नाही आणि धड बसलेलीही नाही. आयुष्यभर मला तेवढी एकच कला नीट साधली आहे. बाईंच्या पुढच्याच रांगेतल्या इंगोलेनं वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि ती हळूच खाली बसली.

बाईंनी फोटोवरची नजर काढली नाही. ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, पण सभागृह इतकं चिडीचूप होतं की माझ्यापर्यंत ऐकू आलं, "ऊठ तू. तुझी नोकरी आहे अजून. हे माझं काम आहे."

ती उठली. सगळं सभागृह उभं होतं, माना खाली घालून. बाई तेवढ्या बसल्या होत्या, मान वर करून.